शिकागोच्या उपनगरातली बातमी मनिलात का लिहिली गेली?

अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला आपल्या भागाविषयी काय जाणून घ्यावेसे वाटते, याची यादी केली तर ती आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाच्या यादीपेक्षा फारशी वेगळी निघत नाही. शेजारचे घर कितीला विकले गेले, शाळेच्या गुणवत्ता यादीत कोणाची मुले आली, यंदा मालमत्ता कर वाढणार का, रस्ता कधी खोदणार आणि कधी बुजवणार, कोणाचे निधन झाले आणि अंत्यविधी कुठे आहे. अशा बातम्यांना ‘हायपरलोकल’ म्हणतात; आपण त्यांना अतिस्थानिक बातम्या म्हणू. अशा एका बातमीत रस असणारी माणसे फार तर काही शेकडा किंवा काही हजार असतात, पण तेवढ्या माणसांना तिची गरज खरी असते आणि ती दुसरीकडे कुठेही मिळत नाही. अडचणीचे मूळ इथेच आहे, कारण वाचक पाचशे असोत की पाच लाख, सभेला जाऊन बसायचे, टिपणे काढायची, चार फोन करायचे आणि बातमी लिहायची, याला लागणारा वेळ तेवढाच असतो.

हा वेळ स्वस्तात कसा विकत घेता येईल, या एका प्रश्नाभोवती ब्रायन टिम्पोन या अमेरिकी उद्योजकाची जवळजवळ सारी कारकीर्द फिरली. ती समजून घ्यायची, तर आधी अमेरिकी वृत्तपत्रांच्या पैशाचे गणित पाहायला हवे. तिथे वृत्तपत्राचा खर्च मुख्यतः जाहिरातींवर भागत असे, आणि त्यातही छोट्या जाहिरातींचा, म्हणजे नोकरी, भाड्याचे घर, जुनी मोटार यांच्या चार-चार ओळींचा वाटा मोठा होता. या छोट्या जाहिराती इंटरनेटवर फुकट किंवा नाममात्र दरात गेल्या, आणि उरलेल्या जाहिरातदारांनी शोधयंत्रे व समाजमाध्यमे धरली. २००५ साली अमेरिकी वृत्तपत्रांना जाहिरातींतून सुमारे ४९ अब्ज डॉलर मिळत होते, आणि २०२० पर्यंत हा आकडा १० अब्जांच्या खाली आला. वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ साली सुमारे ७१ हजार माणसे काम करत होती, ती २०२० साली सुमारे ३१ हजार उरली. कात्री पहिल्यांदा लागली ती उपनगरांच्या बातमीदारांना, कारण राजधानीतला प्रतिनिधी काढला तर साऱ्या शहराला कळते, पण एका गावच्या शाळा मंडळाच्या बैठकीला जाणारा बातमीदार काढला तर ते फक्त त्या गावालाच कळते.

या परिस्थितीत गावच्या बातम्यांसाठी ज्याने पहिल्यांदा उघडपणे परदेशाकडे पाहिले, तो टिम्पोन नव्हता. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात ‘पॅसाडिना नाऊ’ हे छोटे संकेतस्थळ चालवणारे जेम्स मॅक्फर्सन यांनी मे २००७ मध्ये भारतातल्या पत्रकारांसाठी जाहिरात दिली आणि दोघांना कामावर घेतले. एक जण मुंबईत होता, दुसरा बंगळूरला, आणि त्यांचे वार्षिक वेतन अनुक्रमे १२,००० आणि ७,२०० डॉलर ठरले होते. मॅक्फर्सन मूळचे तयार कपड्यांच्या धंद्यातले असल्याने, शिलाई परदेशात करून घेण्याचा हिशेब त्यांना पाठ होता. पॅसाडिनाच्या नगर परिषदेच्या बैठका इंटरनेटवर थेट दिसत, तेव्हा त्या पाहायला पॅसाडिनातच बसायला हवे असे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. घड्याळही सोयीचे होते, कारण उन्हाळ्यात तिकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेली बैठक मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दिसते, आणि दुपारपर्यंत बातमी लिहून पाठवली तर पॅसाडिनाकर झोपेतून उठायच्या आत ती तयार असते. पुढे त्यांनी शब्दांवर मोबदला ठरवला, तो हजार शब्दांना साडेसात डॉलर होता.

मॅक्फर्सन यांच्यावर त्या वेळी फार टीका झाली आणि टिंगलही झाली. मला मात्र त्यांच्याबद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, ती अशी की त्यांनी जे केले ते सांगून केले. बातमी कोण लिहितो आणि कुठून लिहितो हे त्यांनी लपवले नाही, त्यामुळे वाचकाला ती कितपत मानायची हे ठरवण्याची मोकळीक राहिली. शिवाय वृत्तसंस्थांनी हा मार्ग आधीच धरला होता. रॉयटर्सने २००४ पासून अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांच्या आर्थिक निकालांच्या बातम्या बंगळूरहून करायला सुरुवात केली होती. कंपनीचा निकाल म्हणजे आकड्यांचा कागद, आणि तो कागद न्यूयॉर्कमध्ये वाचला काय किंवा बंगळूरला वाचला काय, आकडे तेच राहतात. गावाची बातमी अशी असते का, हा पुढचा सारा वाद आहे.

टिम्पोन शिकागोच्या परिसरातले. सुरुवातीला ते टीव्हीचे बातमीदार होते, आणि नंतर इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते ली डॅनियल्स यांचे प्रवक्ते झाले. बातमी कशी बनते आणि बातमी कोणाला कशी हवी असते, या दोन्ही बाजू त्यांनी आतून पाहिल्या होत्या. २००४ साली इलिनॉयच्या मॅडिसन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ‘मॅडिसन काउंटी रेकॉर्ड’ हे न्यायालयीन बातम्यांचे साप्ताहिक निघाले, आणि त्याचे प्रकाशक टिम्पोन होते. भरपाईचे मोठमोठे दावे दाखल होण्यासाठी ही काउंटी देशभर प्रसिद्ध होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन पोस्टने दाखवून दिले की या साप्ताहिकामागचा पैसा अमेरिकन उद्योजकांच्या मोठ्या संघटनेच्या, म्हणजे यूएस चेंबर ऑफ कॉमर्सच्या, एका संस्थेचा होता. या संस्थेचे कामच मुळी अशा दाव्यांना आळा घालण्यासाठी प्रयत्न करण्याचे होते, आणि साप्ताहिकाच्या वाचकांना मात्र तिचे नाव सांगितलेले नव्हते. पंधरा वर्षांनंतर पुन्हा समोर येणारी गोष्ट इथे पहिल्यांदा दिसते, म्हणून ती लक्षात ठेवायला हवी.

२००६ च्या सुमारास त्यांनी भागीदारासोबत ‘ब्लॉकशॉपर’ हे संकेतस्थळ काढले. अमेरिकेत घराच्या खरेदी-विक्रीची नोंद काउंटीच्या कार्यालयात सार्वजनिक असते. आपल्याकडे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदणीचा ‘इंडेक्स टू’ जसा कोणालाही पाहता येतो आणि अमुक अभिनेत्याने वांद्र्याला इतक्या कोटींचा फ्लॅट घेतला ही बातमी जशी त्या कागदावरूनच तयार होते, तसाच हा प्रकार. ब्लॉकशॉपरने हेच सामान्य माणसांच्या बाबतीत करायचे ठरवले. नोंदणीतून घराचा पत्ता, किंमत आणि खरेदीदाराचे नाव घ्यायचे, ते नाव इंटरनेटवर शोधून त्याची नोकरी आणि शिक्षण टिपायचे, आणि दोन्ही जोडून दोन परिच्छेदांचा मजकूर करायचा. जोन्स डे या बड्या वकिली संस्थेतल्या दोन वकिलांनी घरे घेतल्याच्या अशाच बातम्या आल्या आणि त्यांत संस्थेच्या संकेतस्थळाचे दुवे दिलेले होते, तेव्हा २००८ साली संस्थेने ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर दावा लावला. दुवा कोणी कसा द्यावा यावर न्यायालयीन लढाई होणार म्हणून इंटरनेटच्या कायद्याच्या अभ्यासकांचे तिकडे बारीक लक्ष होते, पण २००९ च्या सुरुवातीला तडजोड झाली आणि ब्लॉकशॉपरने दुवे देण्याची पद्धत बदलायचे मान्य केले.

ब्लॉकशॉपरमधून टिम्पोन यांच्या हाती एक पद्धत आली होती, आणि ती घरांपुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नव्हते. शाळेची गुणवत्ता यादी, पोलिसांची दैनंदिन नोंद, अंत्यविधी करणाऱ्या संस्थेने काढलेली निधनाची सूचना, गावातल्या कार्यक्रमांची यादी, निवृत्तिवेतनाचे तक्ते, शाळेतल्या जेवणाचा आठवड्याचा मेन्यू असा कितीतरी मजकूर कुठे ना कुठे लिहिलेला असतोच. तो गोळा करून ठरावीक साच्यात बसवण्यासाठी गावात राहणारा, पगारी, अनुभवी बातमीदार कशाला खर्ची घालायचा? जर्नॅटिक ही त्यांची कंपनी या विचारावर उभी राहिली. एक बातमीदार एका गावाचे सगळे काही करतो ही जुनी पद्धत आता परवडत नाही, कष्टाचे यांत्रिक काम दुसरीकडून करून घेतले तर बातमीदाराला खरे बातमीदारीचे काम करायला वेळ मिळेल, असे टिम्पोन यांचे म्हणणे होते. हे म्हणणे पूर्वग्रह बाजूला ठेवून ऐकले तर त्यात तथ्य आहे. निकालपत्रके पुन्हा टंकलिखित करण्यात कोणाही पत्रकाराचे आयुष्य जाऊ नये.

प्रत्यक्षात काम कसे चाले, ते एका निधनवार्तेच्या प्रवासावरून पाहू. एका उपनगरात एक वृद्ध गृहस्थ वारतात, आणि अंत्यविधी करणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर त्यांची माहिती टाकते. फिलिपिन्समध्ये, समजा राजधानी मनिलात, बसलेला एक लेखक ती पाहतो. त्याच्याकडे कंपनीचा एक संगणकीय तक्ता उघडलेला असतो, ज्यात नाव, वय, गाव, मागे कोण कोण आहे, विधी कुठे आणि केव्हा, असे रकाने असतात. तो रकाने भरतो, मजकूर सरळ करतो आणि पुढे पाठवतो. अशा एका छोट्या मजकुराला ३५ ते ४० सेंट मिळत, म्हणजे त्या काळच्या दराने सुमारे वीस रुपये. मग अमेरिकेत आपल्या घरी बसलेला एक तासिक मोबदल्यावरचा संपादक भाषा तपासतो, मथळा ठीक करतो, आणि मजकूर ग्राहक वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जातो. ज्या गावची ही निधनवार्ता, त्या गावात यातल्या एकानेही पाऊल ठेवलेले नसते, आणि मृताच्या घरी कोणी फोन केलेला नसतो. वयाचा आकडा मूळ सूचनेतच चुकलेला असेल तर तो तीन हातांतून तसाच चुकलेला पुढे जातो, कारण साखळीतल्या कोणाकडेही तो चुकला आहे हे ओळखण्याचे साधन नसते.

शिकागो ट्रिब्यूनने २००७ पासून उपनगरांसाठी ‘ट्रिबलोकल’ नावाचा उपक्रम चालवला होता, ज्यात सुमारे ९० संकेतस्थळे आणि २२ छापील साप्ताहिक आवृत्त्या होत्या. मूळ ट्रिब्यून कंपनी डिसेंबर २००८ पासून दिवाळखोरीच्या न्यायालयीन प्रक्रियेत होती, आणि खर्च कमी करण्याचा दबाव मोठा होता. एप्रिल २०१२ मध्ये कंपनीने जर्नॅटिकमध्ये गुंतवणूक केल्याचे जाहीर केले आणि ट्रिबलोकलच्या मजकुराचे काम तिच्याकडे सोपवले. ट्रिबलोकलच्या सुमारे वीस कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. टिम्पोन यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत उंच टप्पा होता, कारण अमेरिकेतल्या एका जुन्या आणि प्रतिष्ठित वृत्तपत्राने त्यांची पद्धत पैसे लावून स्वीकारली होती.

दोन महिन्यांनी ती कोसळायला लागली. जर्नॅटिकसाठी मजकूर तपासणारा रायन स्मिथ हा पत्रकार आपल्यासमोर येणाऱ्या मजकुरामुळे अस्वस्थ होता, आणि त्याने आपला अनुभव ‘धिस अमेरिकन लाइफ’ या शिकागोच्याच रेडिओ कार्यक्रमाला सांगितला. जूनच्या शेवटच्या दिवसांत सारा केनिग यांनी केलेला तो भाग प्रसारित झाला. त्यातून बाहेर आले ते असे की फिलिपिन्समधल्या लेखकांच्या मजकुरावर त्यांची स्वतःची नावे न येता जिनी कॉक्स, जिमी फिंकेल, जे ब्राउनस्टोन अशी अस्सल अमेरिकी वाटणारी, पण अस्तित्वातच नसलेल्या माणसांची नावे येत होती. संगणकाच्या पडद्यावर टोपणनावांची एक यादी उघडत असे, तिच्यातून एक नाव निवडायचे आणि पुढे जायचे. ह्यूस्टन क्रॉनिकल, सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल आणि शिकागो सन-टाइम्स यांच्या संकेतस्थळांवर अशी नावे सापडली. ही नावे प्रामुख्याने घरखरेदीच्या मजकुरापुरती होती, असा बचाव कंपनीने केला.

ही नावे इतकी महत्त्वाची का ठरली, हे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे, कारण वरवर पाहता घराच्या किमतीच्या दोन परिच्छेदांवर कोणाचे नाव आहे याने काय बिघडते, असे वाटू शकते. बातमीवर नाव न देण्याची प्रथा तर आपल्याकडेही जुनी आहे, आणि ‘आमच्या वार्ताहराकडून’ किंवा ‘प्रतिनिधी’ एवढेच लिहिलेल्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या. त्यात फसवणूक नव्हती, कारण नाव दिलेले नसले तरी तो वार्ताहर खरोखर होता, आणि बातमी चुकली तर लोक दुसऱ्या दिवशी त्याला एसटी स्टँडवर गाठत. नाव न सांगणे ही एक गोष्ट झाली, आणि नसलेल्या माणसाचे नाव सांगणे ही अगदी दुसरी. बायलाइन, म्हणजे बातमीवरचे लेखकाचे नाव, वाचकाला सांगते की हे लिहिणारा एक माणूस आहे आणि तुम्ही त्याला शोधू शकता. जिनी कॉक्सला कोणी शोधले असते तर ती सापडली नसती, आणि ज्याने खरोखर लिहिले त्याला तर कोणी शोधूच शकले नसते. मनिलातल्या त्या लेखकाचे नाव, जे त्याच्या कामाचे एकमेव श्रेय होते, तेसुद्धा त्याच्याकडून काढून घेतले होते, याची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही आणि मला ती व्हायला हवी होती असे वाटते. वीस रुपयांच्या मोबदल्यापेक्षाही हे अधिक बोचते.

रेडिओवरच्या गौप्यस्फोटानंतर साधारण दोन आठवड्यांनी, १३ जुलैला, ट्रिब्यूनने जर्नॅटिकचे काम अनिश्चित काळासाठी थांबवले. तात्कालिक कारण वेगळेच होते. डीअरफील्ड या उपनगराच्या ट्रिबलोकल आवृत्तीत आलेल्या एका क्रीडाबातमीत दुसरीकडून उचललेला आणि रचलेला मजकूर आढळला होता. दुसऱ्याच दिवशी जर्नॅटिकचे संपादकीय प्रमुख माइक फोर्चर यांनी राजीनामा दिला, आणि नीतिमत्ता व व्यवस्थापन या विषयांवर संस्थापकांशी आपले मूलभूत मतभेद असल्याचे त्यांनी जाहीर केले. इतर ग्राहक वृत्तपत्रांनीही एकामागून एक हात काढून घेतले.

याच सुमारास रायन स्मिथने या प्रकारच्या मजकुराला ‘पिंक स्लाइम’ म्हटले, आणि ते नाव कायमचे चिकटले. त्या वर्षी अमेरिकेत गोमांसाच्या खिम्यात मिसळल्या जाणाऱ्या एका भरीच्या पदार्थावरून गदारोळ झाला होता. चरबीतून यंत्राने वेगळा काढलेला, अमोनियाने प्रक्रिया केलेला तो गुलाबी लगदा खिम्यात मिसळला तर वेगळा ओळखू येत नसे आणि वेष्टनावरही त्याचा उल्लेख नसे. उपमा नेमकी आहे, कारण लोकांचा आक्षेप तो पदार्थ खाण्याजोगा आहे की नाही यापेक्षा, आपण काय खातो आहोत हे आपल्याला सांगितले नाही, यावर अधिक होता.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. खोटी नावे नसती, कोणी मजकूर उचलला नसता आणि लेखकांना बरे पैसे मिळाले असते, तर ही पद्धत चालली असती का? माझे उत्तर असे आहे की कागदावर जे आधीच लिहिलेले आहे तेवढ्यापुरती ती चालली असती, आणि गावाची बातमी बहुतेक वेळा त्या कागदाबाहेर असते. आपल्या एखाद्या नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका डोळ्यांसमोर आणा. विषय क्रमांक सातमध्ये लिहिलेले असते, ‘गट क्रमांक अमुकमधील आरक्षणात फेरबदल करण्याबाबत विचारविनिमय करणे’. हे वाक्य मनिलातला लेखक वाचू शकेल, मुंबईतला बातमीदारही वाचू शकेल, आणि विषय मंजूर झाला हेही थेट प्रक्षेपणावरून कळेल. पण ती जमीन कोणाची, तिच्या शेजारचा पेट्रोल पंप कोणाच्या मेव्हण्याचा, गेल्या सभेत याच विषयाला कडाडून विरोध करणारा सदस्य आज गप्प का बसला, हे तालुक्याच्या वार्ताहराला सभागृहात शिरण्याआधीच माहीत असते. शिवाय विषयपत्रिकेच्या तळाशी ‘आयत्या वेळी येणारे विषय’ असा एक कलम असतो, आणि अनेकदा त्या दिवसाची खरी बातमी तिथेच दडलेली असते, म्हणजे कोणत्याही कागदावर ती नसतेच.

अर्थात त्या तालुका वार्ताहराचे चित्र फार उजळ रंगवू नये. त्याचे मानधन तुटपुंजे असते, अनेकांना बातमीबरोबर जाहिरातीही गोळा कराव्या लागतात, आणि ज्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणली त्याच्या पेट्रोल पंपाविषयी लिहिणे अवघड होऊन बसते. म्हणजे गावात हजर असणे पुरेसे नाही; त्या हजेरीला पोटापुरता पगारही लागतो. जर्नॅटिकच्या काळातच याचा उलट प्रयोग अमेरिकेत झाला होता. एओएल या इंटरनेट कंपनीने २००९ मध्ये विकत घेतलेल्या ‘पॅच’ या उपक्रमाने सुमारे ९०० गावांसाठी संकेतस्थळे काढली आणि गावागावांत स्थानिक संपादक नेमले. काम चांगले होत होते, पण गावातल्या दुकानांच्या जाहिरातींतून त्या संपादकांचे पगार निघेनात, आणि मोठ्या तोट्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये एओएलने बहुसंख्य हिस्सा दुसऱ्या कंपनीच्या हवाली केला. एका बाजूला पगार दिला तर धंदा चालत नाही, दुसऱ्या बाजूला पगार काढला तर बातमी उरत नाही, अशी ही कोंडी आहे, आणि वाचकांच्या वर्गणीशिवाय किंवा देणग्यांशिवाय ती फुटल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

टिम्पोन यांनी या कोंडीवर वेगळा तोडगा काढला. जर्नॅटिकचे नाव पुढे ‘लोकॅलिटी लॅब्स’ झाले, आणि वृत्तपत्रे ग्राहक म्हणून गेल्यावर त्याच यंत्रणेला दुसरे ग्राहक मिळाले. २०१६ च्या निवडणुकीच्या सुमारास इलिनॉयमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या वर्तुळातले डॅन प्रॉफ्ट यांच्याशी संबंधित स्थानिक वृत्तपत्रे मतदारांच्या घरी टपालाने येऊ लागली. ती दिसायला साध्या गावच्या वर्तमानपत्रासारखी होती, आणि मजकूर तयार करण्यात टिम्पोन यांच्या कंपनीचा हात होता. २०१९ च्या शरद ऋतूत मिशिगन राज्यात ‘लान्सिंग सन’, ‘ॲन आर्बर टाइम्स’ अशा जुन्यापुराण्या वाटणाऱ्या नावांची सुमारे ४० संकेतस्थळे एकाएकी अवतरली, तेव्हा लान्सिंग स्टेट जर्नल या तिथल्या खऱ्या वृत्तपत्राने त्यांचा माग काढला. डिसेंबरमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरमधील संशोधक प्रियंजना बेंगानी यांनी संकेतस्थळांच्या तांत्रिक खुणा जुळवून देशभरातली किमान ४५० स्थळे एकमेकांशी जोडलेली असल्याचे दाखवले; त्यांच्यामागे मेट्रिक मीडिया, लोकॅलिटी लॅब्स, फ्रँकलिन आर्चर अशा मोजक्या कंपन्या होत्या. मेट्रिक मीडियाच्या जाळ्यात त्यांनी दोन आठवड्यांत १५,००० हून अधिक वेगवेगळे मजकूर मोजले, आणि त्यांतल्या जेमतेम शंभरांवर माणसाची बायलाइन होती. पुढच्या ऑगस्टपर्यंत स्थळांची संख्या १,२०० च्या पुढे गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या जाळ्यातल्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दाखवले की राजकीय गट आणि कंपन्यांचे जनसंपर्क अधिकारी पैसे देऊन हवे त्या विषयावरचे लेख मागवत होते.

इथे पद्धतीचा अर्थच बदलला, आणि तो कसा बदलला हे नीट समजून घेतले पाहिजे. शिकागोत स्वस्त मजकुराचे काम वृत्तपत्राची रिकामी जागा भरण्याचे होते. नव्या जाळ्यात पेट्रोलचे दर, घरांच्या किमती, हवामान, सरकारी आकडे असा यंत्राने भरलेला निरुपद्रवी मजकूर हे स्थानिक वृत्तपत्र असल्याचा भास निर्माण करत होता, आणि कोणीतरी पैसे देऊन मागवलेला लेख त्या भासाच्या आडोशाने वाचकापर्यंत पोचत होता. वाचकाने आपल्या गावचे नाव पाहून जो विश्वास टाकला, तो अनेक दशके तिथल्या खऱ्या बातमीदारांनी सभागृहांत, पोलीस ठाण्यांत आणि स्मशानांत उभे राहून कमावलेला होता. २००४ च्या मॅडिसन काउंटीत जे एका साप्ताहिकाने केले, तेच आता हजारावर संकेतस्थळांनी होत होते. संकेतस्थळांची विश्वासार्हता तपासणाऱ्या न्यूजगार्ड या संस्थेने जून २०२४ मध्ये मोजणी केली, तेव्हा अमेरिकेत अशी छुप्या राजकीय पाठबळाची संकेतस्थळे १,२६५ भरली आणि उरलेली दैनिके १,२१३. या मोजणीतली सगळीच स्थळे टिम्पोन यांच्याशी संबंधित नाहीत, आणि दोन्ही राजकीय बाजूंचे गट त्यांत आहेत, हे आवर्जून सांगायला हवे. अर्थात तंत्र मात्र सगळीकडे तेच आहे.

मनिलातल्या त्या लेखकाला मिळणारे ४० सेंटही दरम्यानच्या काळात वाचले, कारण रकाने भरून वाक्य करण्याचे काम संगणक स्वतःच करू लागला. प्रतिष्ठित वृत्तसमूहांनीही ते उघडपणे स्वीकारले. ऑगस्ट २०२३ मध्ये गॅनेट या समूहाच्या ओहायोतल्या कोलंबस डिस्पॅच या दैनिकाने शाळांच्या सामन्यांच्या बातम्या अशा यंत्राकडून लिहून घेतल्या. मुलांच्या एका फुटबॉल सामन्याच्या बातमीत दोन्ही शाळांची नावे बरोबर होती, २-१ ही गोलसंख्याही होती, पण संघांची टोपणनावे जिथे यायची तिथे चौकोनी कंसांत ‘विजेत्या संघाचे चिन्ह’ आणि ‘पराभूत संघाचे चिन्ह’ एवढेच इंग्रजीत छापले गेले, कारण तो रकाना भरलाच गेला नव्हता. हे वाक्य समाजमाध्यमांवर फिरले आणि समूहाने तो प्रयोग थांबवला. गोल कोणी केले, ते शेवटच्या मिनिटाला झाले की सुरुवातीला, मैदानावर त्या दुपारी काय घडले, हे त्या बातमीत कुठेच नव्हते, आणि त्यासाठी तर तक्त्यात रकानाही नव्हता.